मापाची वही

मंडळी, तुमच्या घरात फोन किती? आणि पासवर्ड किती? एकच ना! गुंडेरावांचंही तसंच होतं.

म्हैसूरच्या शिवरामपेटेत त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान. दुकानातला टॅब, त्यांचा फोन, बायको सिंधूबाईंचा फोन, सगळीकडे एकच खातं. घर एक, चूल एक, मग खाती कशाला ढीगभर?

त्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या बोगादी भागातून देवश्री ब्लाउज शिवायला आली. मूळची पुण्याची, कंप्युटर कंपनीत कामाला. पाठीच्या गळ्याचे नमुने बघायला गुंडेरावांनी तिच्या हातात टॅब दिला. तिनं शोधायच्या जागी बोट ठेवलं, तर खाली आधीचे शोध आले.

'छातीत गाठ, दुखत नाही.' 'कॅन्सर असेल तर किती दिवस.'

देवश्रीनं टॅब पटकन पालथा घातला. पण गुंडेरावांनी वाचलं होतं. हे त्यांनी लिहिलेलं नव्हतं. मग उरलं कोण? सिंधू! आणि भीती आली की त्यांना आधी राग यायचा.

"कोणीतरी हॅक केलंय, अक्का!"

"नाही काका. खातं एकच आहे ना, काकूंनी घरी शोधलं ते इथं दुकानात आलं."

"येऊ दे की! आम्हाला काय लपवायचंय? चोरी केली काय आम्ही?"

"बरं. मग आमच्या शेजारच्या जयम्मांचं माप सांगा की मला. असेल ना वहीत?"

गुंडेरावांनी वहीवर हात दाबून धरला. "अय्यो! चाळीस वर्षांत एकीचं माप दुसरीला सांगितलं नाही मी. बायकोला पण नाही!"

"का? जयम्मांनी चोरी केली काय?"

गुंडेरावांचा मशीनवरचा पाय थांबला.

"बसा, दाखवते," म्हणत देवश्रीनं टॅबमधून घरचं खातं काढलं. पाळत ठेवणाऱ्यांना अडवणारा एक ब्राउजर घातला. बंद केला की सगळे शोध पुसले जातील, असं लावलं. मग तेच नमुन्यांचं पान उघडलं. कोपऱ्यात आकडा आला, एकतीस.

"हे काय?"

"तुम्ही काय बघता, किती वेळ बघता, ते टिपणारे. या पानावर एवढे अडवले. सगळेच अडतात असं नाही, पण दार तरी लागलं."

गुंडेराव उठून उभेच राहिले! दुकानात बाक दोन, बसल्या तर चार बाया. आणि इथं एकतीस जण टेप घेऊन उभे, न विचारता, न दिसता! "केवढं हे! आणि आवाज पण नाही की हो!" ते कितीतरी वेळ त्या आकड्याकडेच बघत राहिले.

दुपारी जेवायला घरी गेले, पण ताटावर बसलेच नाहीत.

"सिंधू, तुझं चुकून मला दिसलं. बघायला नको होतं. पण आता एकटी भिऊ नको."

सिंधूबाईंच्या हातातली पळी खाली पडली. "तुम्ही घाबराल म्हणून नाही सांगितलं हो..."

"घाबरलोच आहे. उद्या दोघं मिळून दवाखान्यात जाऊ."

त्या रडल्या, मग पदरानं डोळे पुसले. देवश्रीनं दाखवलं तसं गुंडेरावांनी बायकोच्या फोनमधलं जुनं खातं काढलं, तोच ब्राउजर घातला आणि स्वतःचं नवं खातं उघडायला फोन त्यांच्या हातात दिला.

"कुलपाचा शब्द, तो पासवर्ड, काय ठेवू?" सिंधूबाईंनी विचारलं.

"मला सांगू नको!" म्हणत गुंडेराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मंडळी, गाठीचं काय ते उद्या डॉक्टर सांगतील. पण एवढं आजच ऐका. जे चारचौघांत दाखवत नाही, ते सगळं काही पाप नसतं. विचारल्याशिवाय कोणाचं माप घेऊ नये, आणि घेतलेलं दुसऱ्याला दाखवू नये. शिंप्याला हे कळतं. आता आपापल्या फोनला शिकवा!