बायकांच्या बाजूचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. मित्रांनो, लगेच रंगमंचावरची लाल मखमल डोळ्यांसमोर आणू नका. ती मी नव्हे. वर्ध्याच्या कमलविहार थिएटरात बायका एका बाजूला बसत आणि पुरुष दुसऱ्या बाजूला. त्यांच्या मधोमध मी टांगलेला असे. जाड जांभळं कापड आणि वर पितळी कड्या. मखमलीने कितीही तोरा मिरवू दे, बायका माझ्या भरवशावर नाटकाला येत.

थिएटर फार देखणं होतं. दगडी कमान, लाकडी सज्जा, छतावर रंगवलेली कमळं. नाटक कंपनी आली की अल्लीपूरहून बैलगाड्या भरून माणसं यायची. दिवे मालवले की बायकांच्या दारावरची तानाबाई मला बाजूला सारायची. मध्यंतराचे दिवे लागायच्या आत पुन्हा ओढून घ्यायची. एकदा मी खिळ्याला अडकून फाटलो, तेव्हा तिने मला हिरव्या दोऱ्याने शिवलं. मला तो मुळीच शोभत नव्हता, पण सांगणार कुणाला?

एकदा नाटकात मुलीच्या पाठवणीचा प्रवेश इतका रंगला की तानाबाई भान विसरून रडत बसली. मध्यंतर झालं, दिवे लागले आणि मी उघडाच! बायका पदर सावरू लागल्या आणि तशाच थबकल्या. पलीकडे सगळे पुरुष डोळे पुसत होते.

"अवो, पाहा तं!" गुरुजींच्या बायको सुलोचनाबाई म्हणाल्या. "आमचे गुरुजी रडून राह्यले! पोरीच्या लग्नात डोळ्यात टिपूस नवता."

मॅनेजर बापूजी धावत आले. "तानाबाई, पडदा काऊन नाई ओढला?"

"इसरली जी," ती घाबरून म्हणाली.

"राहू द्या उघडाच," सुलोचनाबाई म्हणाल्या. गुरुजींवरून त्यांची नजर हटत नव्हती.

हळूहळू मला ओढणं बंदच झालं. मी कोपऱ्यात गेलो. पुढे घरोघरी टीव्ही आले, थिएटरला कुलूप लागलं. माझ्या घड्यांत उंदरांनी संसार थाटले. मला फार वाईट वाटे.

यंदा थिएटर पाडायला घेतलं. मोडक्या खुर्च्यांबरोबर मलाही जाळायच्या ढिगावर टाकलं. आता संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात काठी टेकत तानाबाई आली. सोबत तिची नात जागृती होती. ती सावंगीच्या दवाखान्यात नर्स आहे. तानाबाईला आता नीट दिसत नाही. तिने मला चाचपलं आणि तिचं बोट त्या शिवणीवर थांबलं.

"आजी, हे मळकं धुडकं घरी न्याचं?" जागृती म्हणाली.

"ह्याले फेकशीन तं मले बी फेक," तानाबाई म्हणाली. मित्रांनो, मला डोळे असते तर मी तिथेच रडलो असतो.

जागृतीने मला तीनदा धुतलं. परवा नालवाडीच्या बुद्धविहारात मुलांचं नाटक होतं आणि मला थेट रंगमंचापुढे टांगलं! दोरी अर्थातच तानाबाईच्या हातात. जागृतीची मुलगी मयुरी नाटकात आई झाली होती. नाटक संपलं, टाळ्या पडल्या, दिवे लागले. मी मात्र उघडाच.

"आजी, पडदा ओढा ना!" कुणीतरी ओरडलं.

या वेळी ती विसरली नव्हती. "थांब जरासा," ती म्हणाली. "पोरीले पाहू दे."

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारत जा. तिचं काम त्यालाच ठाऊक असतं. तानाबाईने दोरी घट्ट धरून ठेवली होती. रंगमंचावरून मयुरी पाहत होती. पहिल्याच रांगेत तिची आई रडत होती.