गाण्याआधीचं ताट

कुवेतच्या जुन्या बाजारात कासमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९५८ साली मागच्या खोलीत टेपरेकॉर्डर बसवून त्याने ‘कासमफोन’ ही गाण्यांच्या तबकड्यांची कंपनी सुरू केली. टेप मुंबईला जायची, तिथून तबकड्या छापून यायच्या. पहिल्या तीन कुणी घेतल्या नाहीत.

चौथीसाठी त्याने नूरुद्दीनला गाठलं. नूरुद्दीन जयगडचा. वीस वर्षं अरबांच्या गलबतांवर काढलेला, खलाशांची गाणी त्यांच्याच अरबीत गाणारा. आवाज चांगला होता, पण सावध. गावी बायको असमा अंथरुणावर होती आणि तो रोज तारेची चौकशी करायचा.

तार दुकानाच्या पत्त्यावर आली, नेमकी रेकॉर्डिंगच्या सकाळी. असमा गेली होती. कासमने तार खिशात घातली आणि गाणं झाल्यावर सांगू, असं आपल्या बायकोला, रबियाला, बजावलं.

रबियाच्या माहेरी, जयगडकडेच, मरणाची बातमी सांगण्याआधी माणसाला जेवू घालत, कारण नंतर दोन दिवस घास उतरत नाही. तिने न विचारताच भात आणि बांगड्याचं कालवण वाढलं. एरवी गाण्याआधी नूरुद्दीनला फक्त काळा चहा मिळे. भरल्या पोटी दम पुरत नाही.

नूरुद्दीनने ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ताट बाजूला सारून तो माइकसमोर बसला. तो गाऊ लागला तसा आवाज मोजणाऱ्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि तिथेच राहिला. नंतर कासमने तार पुढे केली, तेव्हा तो म्हणाला, “ताट बघितला तवाच समजला.”

ती तबकडी बसऱ्यापासून बहरीनपर्यंत विकली गेली. कासमने शेजारचा गाळा घेतला. पुढच्या दोन तबकड्यांत मात्र आवाज पुन्हा सावध झाला, आणि दुकानदार त्या परत पाठवू लागले. नूरुद्दीनला आता एकच माणूस उरलं होतं, गावी मामाकडे वाढणारी मुलगी नूरी.

पुढच्या रेकॉर्डिंगला कासमने रबियाला ताट वाढायला सांगितलं.

“कोन गेलंय?”

“कुनी नाय. तू वाढ.”

ती हलली नाही. त्यानेच वाढलं.

नूरुद्दीन दारातच थांबला. “नूरी?”

“आदी जेव,” कासम म्हणाला आणि पंखा बंद केला.

रबियाने तोंड उघडलं. तेवढ्यात कासमने रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावला. दिवा लागला की खोलीत कुणी बोलायचं नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता. नूरुद्दीन तिच्याकडे बघत गाऊ लागला. सव्वातीन मिनिटं ती गप्प उभी राहिली.