वरदच्या कोडचा रिव्ह्यू

आमच्या टीममध्ये मी म्हणेन ती पूर्व दिशा. सोळा वर्षं हेच काम करतेय, थोडा माज असायचाच. ब्राउजरच्या पोटात जावास्क्रिप्ट चालवणारं एक इंजिन असतं. तारखा, याद्या अशा तयार वस्तू घडवणारे त्यातले कन्स्ट्रक्टर आम्ही महापेच्या ऑफिसात लिहितो. तारखेचा, म्हणजे ‘डेट’चा, वरदकडे होता.

त्या बुधवारी कोड फ्रीझ होता, म्हणजे रिलीजआधी कोड बदलायचा शेवटचा दिवस, आणि माझ्या मंजुरीशिवाय काही आत जात नाही. अडीच वाजता वरद टेबलापाशी आला. त्याची आई, सरोजिनीबाई, सीवूड्सला आयसीयूत होती.

“मॅडम, चार ते पाचच आत सोडतात. सकाळपासून ती माझं विचारतेय. तेवढं बघता का? लगेच निघतो.”

मी पाहिलं. ‘नवी वस्तू घडव’ असं सांगणारा ‘न्यू’ हा शब्द न लिहिता ‘डेट’ला कुठलीही तारीख द्या, त्याचा कोड ती सरळ टाकून द्यायचा आणि आत्ताची वेळ सांगायचा.

“हा कसला आळशीपणा? दिलेली तारीख वापर, मग जा.”

त्याने घड्याळाकडे पाहिलं. कोड बदलून त्याने बिल्ड लावला. कोड इंजिनात जुळवून तपासणाऱ्या या बिल्डला दीड तास लागतो आणि तो संपेपर्यंत वरदला निघता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. साडेचारला मी मंजुरी दिली, वर ‘आता कसं!’ असंही लिहिलं. पाचला दहा कमी असताना आई गेली. वरद तेव्हा तुर्भ्याच्या सिग्नलला रिक्षात होता.

दुसऱ्या दिवशी, सगळे ब्राउजर ज्या चाचण्या वापरतात त्यांत आमची ‘डेट’ नापास झाली. ती आम्ही रिलीजमधून मागे घेतली. तेव्हा कुठे मी वरदने कोडखाली दिलेली जावास्क्रिप्टच्या नियमांची लिंक उघडली. ‘न्यू’ नसेल तर हातात काहीही द्या, आत्ताचीच वेळ सांगायची, असा नियमच होता. मला रडू आलं, आणि रडायचा आपल्याला काय हक्क, असंही वाटलं.

तेरावं झाल्यावर तो कामावर आला. डोक्यावर नुकते केस फुटत होते.

“वरद, तुझंच बरोबर होतं रे. भांडला का नाहीस माझ्याशी?”

“भांडत बसलो असतो तर अजून उशीर झाला असता, मॅडम. म्हटलं, तुमी म्हणता तसं करून टाकू.” मग लॅपटॉप माझ्याकडे वळवून तो म्हणाला, “जुना कोड परत टाकलाय. बघता का?”

त्याच्यासमोरच मी तो वाचला आणि मंजुरी दिली. दोन मिनिटं लागली.