उलट अंडाकृती पान

कैरोच्या वनस्पतिसंग्रहालयात सुहैर आणि तिचा नवरा वगदी वीस वर्षं एकाच टेबलाशी बसून वाळवलेल्या पानांखाली आकाराच्या चिठ्ठ्या लावायचे. देठाकडे रुंद पान अंडाकृती, टोकाकडे रुंद ते उलट अंडाकृती. पण वगदी हमखास उलटंच लिहायचा. "डोक्यावर उभा राहून बघतोस का रे पानं?" असं खेकसत ती दुरुस्तीची चिठ्ठी शेजारी डकवायची. मूळ चिठ्ठी खोडायची नाही, हा तिथला नियम.

सिनाईच्या कड्यावरून पडून वगदी गेला, त्याला परवा चाळीस दिवस झाले. आज त्याने खुडलेलं शेवटचं पान समोर आलं. देठाकडे रुंद, आणि खाली त्याच्या अक्षरात 'उलट अंडाकृती'.

सुहैरने दुरुस्तीच्या चिठ्ठीला खळ लावली. मग ती बाजूला ठेवून तिने पानाचा कागदच खालची बाजू वर करून फिरवला; रुंद भाग वर आला.

"बरोबर आहे रे तुझं," ती म्हणाली.