कुत्र्याचे उपकार

धाकटीने जीव द्यायचा प्रयत्न केला त्याला सात आठवडे झाले होते. दवाखान्यातून ती थेट ताईकडे राहायला आली. समुपदेशक बाईंनी तिला एक वही दिली होती. ज्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटली अशा तीन गोष्टी रोज लिहायच्या. लहान चालतील, पण खऱ्या हव्यात. पुढची भेट कधी, हे बाई दर गुरुवारी वही पाहून ठरवत.

बुधवारी जेवताना ताईने वही मोठ्याने वाचली.

"'आंघोळीचं पाणी गरम होतं. कामावरून, प्रयोगशाळेतून मैत्रिणीचा फोन आला. मी रजेवर असल्याने माझ्या वाट्याच्या काचपट्ट्या तीच धुते. शेजारचा कुत्रा माझ्यावर भुंकला नाही.'" ताईने चष्मा काढला. "कुत्र्याचे उपकार मानलेस. आणि तुला उचलून दवाखान्यात नेलं, त्या आमचं नाव कुठंय?"

"उपकार नाही गं ताई. कृतज्ञता."

"तेच ते. शब्द नको शिकवूस मला."

भावजी घास गिळून म्हणाले, "आम्हीही भुंकत नाही की. निदान तेवढं तरी लिही."

दोघं हसली. धाकटीही हसली. नाही हसलं की चौकशी सुरू व्हायची.

ताईने पान फाडलं. ती सांगत गेली, धाकटी लिहीत गेली. ताईने मला जीवदान दिलं. भावजींनी आसरा दिला. आता मला जगावंसं वाटतं.

गुरुवारी ते पान वाचून बाई म्हणाल्या, "बराच फरक आहे. आता महिन्याने भेटू या?"

"चालेल की," ताई म्हणाली. "किती रजा टाकायच्या मी तरी!"

महिना. धाकटीला आठवड्याचीही खात्री नव्हती.

"शेवटचं वाक्य खोटं आहे," ती म्हणाली. "तिन्ही ताईने सांगितलीत."

"अगं ए!"

"तुम्ही जरा बाहेर थांबता?" बाईंनी ताईला विचारलं.

"थांबते ना. काल कुत्रा, आज तुम्ही. आम्ही मेलो तरी हिला जाणीव व्हायची नाही."

बाईंनी कोरं पान पुढे सरकवलं. "आज काही सुचतंय?"

धाकटीने लिहिलं, 'दार बंद झालं.'

"आणि बाकीच्या दोन?"

"नाहीत. पण येत्या रविवारी मी काय करायचं ठरवलंय, ते सांगायचंय."