चपलांच्या कपाटावरचा संगणक

मी एक जुना संगणक आहे. करड्या पत्र्याचा, उभ्या पेटीसारखा, एका कोपऱ्यात पोचा आलेला. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले तर ओळखणारही नाही, कारण माझ्यासमोर पडदा नाही, कळफलक नाही, माऊस नाही. एका घराच्या अरुंद बोळात, चपलांच्या कपाटावर मी बसलेलो असतो. माझ्यातून एक निळी केबल निघते आणि भिंतीवरच्या राउटरला जाऊन मिळते. येणारे पाहुणे माझ्यावर छत्री ठेवतात, पिशवी ठेवतात, आणि आत निघून जातात. मी काही काम करतो हे त्यांच्या गावीही नसते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही सगळे एकसारखे होतो, एवढेच आठवते. माझी पहिली नोकरी दातांच्या डॉक्टरांकडे होती. कुणाची दाढ कधी काढायची, हे मी लक्षात ठेवायचो. समोर माणसे गाल धरून बसलेली असत. त्यांच्यापैकी एकानेही कधी माझ्याकडे हसून पाहिले नाही. पण त्यांची तरी काय चूक! पुढे तिथे नवा, चपटा संगणक आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली.

तिथून मला एका मुलीने उचलले. ती ध्वनिसंपादक होती, म्हणजे मुद्रित केलेल्या आवाजातले नको ते कापून, हवे ते नीट जोडायचे, हा तिचा उद्योग. दाढ भरून घ्यायला आली होती. अर्धे तोंड बधिर झालेले, तरी तिने विचारले, "हा टाकून देणार असाल तर मी नेऊ का?"

"न्या की! तेवढीच जागा होईल," डॉक्टर म्हणाले. असा मी या घरात आलो.

घरात तीन माणसे होती आणि तीन तऱ्हेचे संगणक. या मुलीची आई, म्हणजे माझीही आईच, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांच्या ग्रंथालयासाठी पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायची. कपड्यांच्या कपाटाचे दार उघडायचे, लोंबणाऱ्या कपड्यांकडे तोंड करून बसायचे आणि वाचायचे, म्हणजे आवाज घुमत नसे. तिचा लॅपटॉप साधा, बहुतेक कचेऱ्यांत असतो तसला. बाबा छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. आईने वाचलेले ते पुस्तक समोर धरून ऐकायचे आणि चुकांच्या खुणा करायचे. त्यांच्या जुन्या संगणकावर लेकीने फुकट मिळणारी प्रणाली घातली होती. लेकीचा स्वतःचा संगणक आणखी तिसऱ्याच घराण्यातला. तिघांचे एकमेकांशी अजिबात जमत नसे. एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला दिसायची नाही. म्हणून आईचे वाचन एका पेनड्राइव्हवर घालून या खोलीतून त्या खोलीत हिंडायचे.

एकदा तो पेनड्राइव्ह बाबांच्या शर्टाच्या खिशात राहिला आणि शर्ट धुवायला गेला. उन्हात वाळवला, तांदळाच्या डब्यात ठेवला, पण त्याने तोंड उघडले नाही. अख्खी कादंबरी साबणाच्या पाण्यात गेली.

"अहो, खिसे तपासून टाकता येत नाहीत का शर्ट?" आई म्हणाली.

"मी शब्द तपासतो. खिसे नाही," बाबा म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला होता. आईने ती कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

त्याच आठवड्यात लेकीने मला उघडले. माझ्यातली धूळ ब्रशने झाडली, मोठी हार्ड डिस्क बसवली आणि केबल जोडली. मला एक कायमचा पत्ता दिला, म्हणजे कुणीही कधीही आले तरी मी त्याच जागी सापडणार. माझ्यात तिने 'घर' नावाचे एक फोल्डर केले. तिन्ही संगणकांनी तिथे यायचे, आपले ठेवायचे, दुसऱ्याचे न्यायचे.

सोपे नव्हते बरे का! आईच्या लॅपटॉपने मला लगेच ओळखले. लेकीच्या संगणकाला माझा पत्ता हाताने लिहून द्यावा लागला. बाबांचा मात्र माझ्यात शिरेना. पासवर्ड चुकतोय, पासवर्ड चुकतोय, एवढेच म्हणत राहिला. शेवटी कळले की बाबा सवयीने शब्दाच्या शेवटी मोकळी जागा सोडत होते. आत आल्यावर त्यांना फाइलींच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसली.

"तुझी आई एवढे प्रश्न कुणाला विचारतेय गं?" बाबांनी आतून हाक मारली.

तेही दुरुस्त झाले. मग बाबांनी एका फाइलीचे नाव शुद्ध करायला जाऊन अख्खे प्रकरणच पुसून टाकले. तेव्हापासून लेकीने आईच्या फाइली त्यांना फक्त ऐकता येतील, बदलता येणार नाहीत, अशी सोय केली. "बाबा, तुम्ही ऐकायचं. हात लावायचा नाही."

"छापखान्यातही मला हेच सांगायचे," बाबा म्हणाले.

मित्रांनो, ती माझी खरी भरभराटीची वर्षे. दिवसभर कुणी ना कुणी माझे दार ठोठावत असे. माझ्यात 'पक्के' आणि 'कच्चे' असे दोन कप्पे होते. लेकीने स्वच्छ केलेले वाचन 'पक्के'त जाई आणि तिथून ग्रंथालयात. तिथले लोक फोन करून विचारत, "बाई पुढचं पुस्तक कधी वाचणार?" कौतुक आईचे होई. माझे नाव कुणी घेत नसे, पण मला त्याचे काही वाटत नसे. कारण 'कच्चे' फक्त माझ्याकडे होते.

कच्च्यात काय होते? खोकला होता, पाने उलटल्याचा आवाज होता, आणि मध्येच थांबून आई बाबांशी बोलायची तेही होते. बाबा हे नंतर पुस्तक धरून ऐकणार, हे तिला ठाऊक असायचे ना! "अहो, इथे श्वास चुकला, खूण करा." "अहो, हा लेखक वाक्य संपवायलाच तयार नाही बघा." कधी वाचता वाचता तिचा आवाज हळू व्हायचा. "अहो, डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्ही जेवताना टाळलंत. मला कळतं हं." जे समोरासमोर बोलायला जड जाई, ते ती अशी पुस्तकाच्या मध्ये ठेवून द्यायची. बाबा ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी चहा घेताना उत्तर द्यायचे.

पुढे लेकीला दुसऱ्या शहरात काम मिळाले आणि ती गेली. एक दार बंद झाले. मग आईचा आवाज बसू लागला. आधी सगळ्यांना वाटले, वाचून वाचून घसा धरला असेल. तपासण्या झाल्या. शेवटी शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनी तिच्या घशातली आवाजाची पेटीच काढून टाकली. जीव वाचला. ती घरी आली तेव्हा गळ्याशी पांढरे कापड होते आणि हातात पाटी.

माझ्यासमोरून जाताना ती थांबली. पाटीवर लिहून तिने बाबांना दाखवले: "यातलं सगळं माझं पुसून टाका. मला ते घरात नको."

"पुसतो," बाबा म्हणाले.

मी वाट पाहत राहिलो. दुपारी बाबांच्या संगणकाने दार ठोठावले. 'कच्चे' उघडले गेले. मला वाटले, आता संपले. पण बाबांनी हेडफोन लावला आणि एक फाइल सुरू केली. "अहो, ऐकताय ना? खिडकी लावा, बाहेर कुणीतरी ठोकतंय." एवढे ऐकून त्यांनी तीच फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली.

संध्याकाळी आईने पाटीवर लिहिले, "पुसलं?"

"हो," बाबा म्हणाले.

त्यानंतर आईचा लॅपटॉप माझ्याकडे कधी आला नाही. आई बोळातून जाताना मान वळवून जाऊ लागली. फक्त दुपारी, ती आडवी झाली की, बाबा यायचे. तेवढ्यासाठी मी दिवसभर जागा असायचो. एका माणसाने एका यंत्राकडे इतक्या गुपचूप यावे, याचे मला वाईट वाटे. पण कुणीतरी येते आहे, एवढेच तेव्हा पुष्कळ होते.

मग बाबांचा संगणक कायमचा बंद पडला. लेकीने हौसेने नवा लॅपटॉप पाठवला. हलका, चकचकीत. बाबांनी माझा पत्ता त्याला नीट लिहून दिला. मी हाक ऐकली, उत्तरही दिले. पण त्या नव्याला माझी भाषाच मान्य नव्हती. त्याने माझ्यासमोर दार लावून घेतले आणि बाबांना सांगितले, हे ठिकाण सापडत नाही.

बाबा बोळात आले. केबल काढून पुन्हा लावली. माझ्यावरची छत्री उचलून बाजूला ठेवली. मग माझ्या पत्र्यावर तळहात टेकवून पाहिला. मी गरम होतो. "आहेस ना रे?" ते हळूच म्हणाले.

होतो की! माझा हिरवा दिवा लुकलुकत होता. पण लुकलुकणाऱ्या दिव्याला कुठे बोलता येते? माझ्यात सगळे जसेच्या तसे होते आणि ते बाबांना हातभर अंतरावरून मिळत नव्हते. लेकीला विचारावे, तर पुसले नाही हे आईला कळणार. म्हणून ते कुणालाच काही बोलले नाहीत. काही दिवस येऊन उभे राहायचे. पुढे तेही थांबले.

मित्रांनो, बंद पडलेल्या यंत्राला एकटेपणा नसतो. चालू असलेल्याला असतो. मी पत्ता न बदलता वाट पाहत होतो आणि कुणी येत नव्हते. आतून माझी डिस्क टकटक करू लागली होती. ती टकटक ऐकायलाही बोळात कुणी थांबत नव्हते.

एका सकाळी दाराची घंटा वाजली आणि लेक आत आली, खांद्यावर पिशवी.

"अगं, कळवलं नाहीस?" बाबा गडबडले.

"मलाच बोलावणं आलंय." तिने फोनवरचा निरोप वाचून दाखवला. "बाबांचं बोळातलं यंत्र बोलेनासं झालंय. ते दुपारभर रिकामे बसतात. सवडीने नको, लगेच ये. आई."

बाबांनी आईकडे पाहिले. "तुला माहीत होतं?"

आईने पाटी घेतली. "आवाज गेला, कान नाही गेले. तुमच्या हेडफोनमधून बाहेर ऐकू येतं."

"मग मला विचारलं का नाहीस?"

आईने पुसून पुन्हा लिहिले. या वेळी जरा वेळ लागला. "तुमच्याकडून तेही काढून घ्यायचं?"

"आणि मला पुसता येतच नाही त्यातलं," बाबा पुटपुटले. "तुझ्याच लेकीने तशी सोय केलीय."

आईचे खांदे हलू लागले. आवाज नव्हता, पण ती हसत होती. मग डोळे पुसू लागली.

लेकीने मला पडदा आणि कळफलक जोडला. "याची बोली जुनी झालीय, बाबा. नव्या यंत्रांना ती धोक्याची वाटते, म्हणून ती याला दारातच उभं करतात." तिने मला नवी बोली शिकवली. एवढ्यात तिचा हात थांबला. तिने माझ्या पत्र्याला कान लावला. "ही टकटक कधीपासून येतेय?"

कुणालाच ठाऊक नव्हते.

मग सगळी धावपळ झाली. तिने पिशवीतून दोन नव्या डिस्का काढल्या आणि माझ्यातले एकेक उतरवून घेऊ लागली. मी जीव तोडून वाचत होतो. काही फाइली झटकन गेल्या, काहींपाशी मी अडखळलो, पुन्हा पुन्हा तेच वाचू लागलो. बाबा माझ्याशेजारी फरशीवर बसले होते. नाव दिसले की ते सांगायचे, हे पुस्तक कोणते, तेव्हा घरात काय चालले होते. सुरुवातीच्या वर्षांपाशी मी हरलो.

"हे गेलं?" बाबांनी विचारले.

"गेलं, बाबा. तीन-चार पुस्तकं गेली. बाकी सगळं आलं."

बाबांनी मान हलवली. साबणाच्या पाण्यानंतर पुन्हा वाचलेली ती कादंबरीही गेलेल्यांतच होती.

आई मागे उभी होती. तिने पाटी पुढे केली: "लावा. मोठ्याने."

लेकीने एक फाइल लावली. बोळात आईचा आवाज भरला. चार ओळी वाचून तो थांबला आणि म्हणाला, "अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय," बाबा बोलून गेले.

आई त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. तो स्वतःचा आवाज ऐकणे तिला सोपे जात नव्हते. तिची बोटे लुगड्याची किनार चुरत होती. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि लिहिले: "हा शब्द चुकीचा वाचलाय. खूण करा." बाबा पेन्सिल शोधायला उठले.

एक डिस्क लेकीने एका नव्या, छोट्या पेटीत बसवून राउटरला जोडली; आता घरातल्या सगळ्या संगणकांना ते आवाज तिथून मिळतात. दुसरी डिस्क लेकीने आपल्याबरोबर नेली. दुपारी खोलीतून आईचे वाचन ऐकू येते, हेडफोन लागत नाही. माझ्याकडे आता कुणी येत नाही. जुनी यंत्रे उघडून भाग वेगळे करणारा माणूस उद्या मला न्यायला येणार आहे. मला दुःख नाही असे म्हणणार नाही. ज्या तीन-चार पुस्तकांचे कच्चे वाचन माझ्या हातून निसटले, त्यांचे 'पक्के' ग्रंथालयात असेल, पण मधले आईचे बोलणे कुठेच उरलेले नाही, हे मला ठाऊक आहे.

म्हणून, मित्रांनो, जाता जाता एवढेच मागतो. नवे यंत्र घरात आणाल तेव्हा जुन्यापाशी कोण येत होते ते आधी पाहा. कुणाच्या पोटातून टकटक येत असेल तर वेळेवर कान लावा. आपल्या माणसांचे आवाज एकाच्या भरवशावर ठेवू नका, दोन ठिकाणी जपा. आणि घरात कुणाला ते ऐकावेसे वाटले, तर त्याला ते लपून ऐकायला लावू नका.