सात मिनिटांची चकती

मी साडूची दोन बोटं मोडली ती गुरुवारी दुपारी, प्रयोगशाळेतल्या सगळ्यात शांत खोलीत.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली माझी, धाकटी त्याची. नोकरीही एकाच छपराखाली. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या यंत्रासाठी आम्ही आरशांचे लेप बनवतो. दोन जातींच्या काचेचे पातळ थर एकावर एक चढवायचे आणि मग भट्टीत भाजायचे. भानगड अशी, की नुसत्या उष्णतेनेही लेप आतल्या आत थरथरतो आणि त्या थरथरीत लहर बुडून जाते. म्हणून लेप जितका शांत तितका चांगला. भट्टी माझी, मोजणी साडूची. त्याला सगळे कासव म्हणतात. नाव मीच पाडलंय.

मोजणीसाठी लेप दिलेली चकती एका गोळीवर बरोबर मध्यावर तोलायची, भोवतालची हवा काढून घ्यायची, चकतीला हलकेच डिवचायचं आणि ती घंटेसारखी किती वेळ घुमते ते बघायचं; जितकी जास्त घुमेल तितका लेप शांत. आमची चकती वीस मिनिटं घुमायला हवी होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत यंत्र उभारणाऱ्यांकडे तसा आकडा गेला नाही, तर मोठ्या आरशांचं काम दुसरीकडे जाणार आणि आमच्या दोघांच्या खोल्यांना कुलूप लागणार, हे ठरलेलं होतं.

"सात मिनिटं," कासव म्हणाला. "साडूभाऊ, भट्टीतून काढताना काही..."

पुढचं मी ऐकलंच नाही. नऊ दिवस मी त्या चकतीला तान्ह्या पोरासारखं जपलं होतं. सहाशे अंशांपर्यंत चढवायला चार दिवस, उतरवायला पाच. माझं डोकंच फिरलं. त्याला गळ्याशी धरून मी पोलादी टेबलावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली, पांढरा झगा लाल झाला.

"माझ्या भट्टीवर खापर फोडतोस?"

तो मला थांबवायला हात पुढे करत होता. मी तो हात धरून बोटं उलटी पिरगळली. दोनदा कट्‌कन आवाज आला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पंप सांभाळणाऱ्या बाई धावत आल्या. त्यांनी चौकशी केली नाही, हातातला पाना सरळ माझ्या खांद्यावर हाणला. मी खालीच बसलो.

"माणसं आहात की बैल?" त्या ओरडल्या.

कासवाला दवाखान्यात धाडून त्यांनी चकती तिरप्या उजेडात धरली. कडेवर अंगठ्याचा तेलकट ठसा होता आणि त्या ठशातून जुन्या जखमेच्या व्रणाची एक आडवी रेघ गेली होती. तसा अंगठा इथे माझ्या एकट्याचा आहे. मापक तीस अंश दाखवत असला तरी अंगठा टेकवल्याशिवाय चकती निवली, यावर माझा विश्वास बसत नाही. वीस वर्षांची खोड. मी हातमोजा काढला होता, कडेला अंगठा लावला होता आणि विसरून गेलो होतो. तेवढ्या तेलानेही चकतीचं घुमणं मरतं. भट्टी चोख होती, माती मीच खाल्ली होती.

ठसा धुऊन निघाला. पण चकती गोळीवर तोलणार कोण? बाईंनी चारदा करून पाहिलं, चारही वेळा ती घसरून त्यांच्या हातात आली. ते फक्त कासवाच्या बोटांना जमायचं. आणि दुसरी चकती भाजायची तर पुन्हा नऊ दिवस.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. दार मेहुणीने उघडलं आणि पहिली माझ्या कानाखाली सणसणीत वाजवली.

"बोटं बसवायला दोन तास लागले, भावोजी," ती म्हणाली. "या आत. बघा तुमचा पराक्रम."

कासव खुर्चीत होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, नाक भोपळ्याएवढं सुजलेलं.

"ठसा मला दिसला होता," तो म्हणाला. "धुऊन पुन्हा मोजू, एवढंच म्हणत होतो. वहीत आकडा लिहिला नव्हता. उगाच तुमच्यावर आलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय धरायला वाकलो तर त्याने पाय मागे घेतले.

शुक्रवारी सकाळी तो आला मात्र. तो सांगणार आणि मी करणार, असं ठरलं.

"मनगट सैल सोडा. श्वास सोडा. आता बोटं उघडा."

क्षणभर चकती गोळीवर तोलली. मला वाटलं, जमलं. मग चकती कलली, मी झडप घातली आणि माझ्याच हाताचा धक्का लागून ती फरशीवर फुटली.

कासव तुकड्यांकडे बघत राहिला. या माणसाने जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता. त्याने प्लास्टरचा हात उचलला आणि माझ्या तोंडावर हाणला. माझा दात हलला, पण किंचाळला तोच. तरी त्याने पुन्हा हाणला.

"पुन्हा मोजू म्हणत होतो!" तो रडत ओरडत होता. "पुन्हा मोजू म्हणत होतो ना!"

तिसऱ्या फटक्याला प्लास्टर तडकलं. बाई दारात उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. मी हात पाठीमागे धरले आणि त्याचं मारून होईपर्यंत तसाच उभा राहिलो.